एकतीस जणांचं बिऱ्हाड

मी आजवर तीन वेळा राहतं घर बदललं, आणि तिन्ही खेपांचं मिळून नुकसान झालं ते एका बरणीचं आणि एका शेजाऱ्याशी असलेल्या संबंधांचं. सांगायचं कारण, बिऱ्हाड हलवण्याच्या कामात मी अगदीच कच्चा नाही. त्यात वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून चौतीस वर्षं काढलेली. दुकानदाराच्या तराजूची दांडी केसभर कलली तरी माझ्या नजरेतून सुटत नसे. असा माणूस एका साध्या कामात एवढा तोंडघशी पडेल असं मला वाटलं नव्हतं. माझ्या बायकोला वाटलं होतं, पण तिला ते नेहमीच वाटतं.

काम असं होतं, की आमच्या घरची एकतीस माणसं मोबाइलमधल्या एका जागेतून उठवायची आणि दुसऱ्या जागेत नेऊन बसवायची.

जुन्या जागेचं नाव 'कोपरा'. तिथे 'घरची मंडळी' नावाचा आमचा गट सहा वर्षं सुखाने नांदत होता. कोपऱ्यात फारसं काही करताच येत नसे, हाच त्याचा मोठा गुण. लिहायचं, फोटो टाकायचा, दुसऱ्याच्या फोटोखाली अंगठा उमटवायचा, झालं. मग 'झुळूक' आली. झुळकीवर टाकलेला फोटो दुसऱ्या दिवशी आपोआप नाहीसा व्हायचा. माझ्या मेहुण्यांना ही सोय फार आवडली, आणि त्यांचे फोटो पाहिल्यावर ती आम्हालाही आवडली. तिच्या पाठोपाठ 'गलबला' आला. तिथे लिहिण्याची भानगडच नाही. बोलायचं, नाहीतर नाचायचं.

भाचीच्या नव्या घरी सगळे चहाला जमलो होतो. मेहुण्यांनी कप बशीत ठेवला आणि एखाद्या सरकारी निवेदनासारखं जाहीर केलं, "कोपरा संपला. आता तिथे राहिलंय कोण? सगळं जग झुळकीवर गेलं."

"जग गलबल्यावर गेलंय, आतोबा," माझा पुतण्या म्हणाला.

"तुझं जग गेलं असेल. आम्ही मोठी माणसं झुळकीवर."

अर्धा तास जग नेमकं कुठे गेलंय यावर वाद झाला आणि शेवटी मतदान होऊन झुळूक जिंकली. मग हा कारभार कोणी करायचा हा प्रश्न आला, आणि सगळ्यांच्या माना एकाच वेळी माझ्याकडे वळल्या. निवृत्त माणसाबद्दल लोकांच्या दोन समजुती असतात. एक, त्याला वेळच वेळ असतो. दुसरी, त्याला कोणी काम सांगितलं की बरं वाटतं. यातली दुसरी खरी आहे.

"बाकीच्यांचं होईल रे," माझी बहीण म्हणाली. तिला आम्ही ताई म्हणतो. "प्रश्न फक्त आत्याचा आहे."

आत्या म्हणजे बाबांची बहीण. पाच भावंडांतली आता ती एकटीच उरलेली. वय चौऱ्याऐंशी. एसटीने सहा तासांवरच्या गावात एकटी राहते. कानांनी पाच वर्षांपूर्वी पूर्ण राजीनामा दिलेला, त्यामुळे फोन असून नसल्यासारखा. खालच्या मजल्यावरच्या नर्सबाईंनी तिला एक टॅब घेऊन दिला होता आणि कोपऱ्यावर यायला शिकवलं होतं. रोज सकाळी दोन ओळी लिहायची आणि आमचं आलेलं दिवसभर भिंग लावून वाचायची. आमच्याशी तिचा संबंध उरला होता तो एवढाच.

"ती तिथे सुटली, तर आपल्यातूनच सुटली," ताई म्हणाली.

"आत्याला मी स्वतः जाऊन घेऊन येईन," मी म्हणालो. "येत्या आठवड्यात. माझं काम म्हणजे काय हे मी तुम्हाला सांगायला नको."

एवढं ऐकून आत्याच्या बाबतीत सगळे निर्धास्त झाले आणि पुन्हा चहाकडे वळले. घरी आल्याबरोबर मी डायरीत एकतीस आकडे घातले, समोर नावं लिहिली आणि प्रत्येकापुढे शिक्क्यासाठी एक चौकोन आखला. एकतिसाव्या ओळीत लिहिलं, 'आत्या. प्रत्यक्ष भेट.'

स्थलांतर सुरू झालं, आणि ही बातमी आमच्या इमारतीत कशी पसरली ते मला अजून कळलेलं नाही. वरच्या मजल्यावरचे बँकेतून निवृत्त झालेले मॅनेजर जिन्यात थांबवून म्हणाले, "कुठेही जा, पण आधी त्यांचा ताळेबंद बघा." कोणाचा ताळेबंद आणि तो कुठे मिळतो हे त्यांनी सांगितलं नाही. दाताच्या डॉक्टरांनी माझ्या तोंडात तीन हत्यारं घालून झुळकीचे दोष समजावून दिले. मला पुष्कळ बोलायचं होतं, पण 'आ'पलीकडे काही उच्चारता येईना. दुसऱ्याच्या तोंडात चिमटा धरून मत मांडणारा माणूस वादात कधी हरत नाही.

त्यातल्या त्यात शहाणपणाचं बोलले ते नाक्यावरचे टेलर. पँट सैल करायला टाकली होती. ते खडूने रेघ मारत म्हणाले, "साहेब, शिवणीच्या आत माया ठेवावी लागते. माया म्हणजे चार बोटं जादा कापड. बाहेरून दिसत नाही, पण पुढे माणूस सुटला की उसवून वाढवता येतं. ह्या नव्या लोकांनी आत मायाच ठेवलेली नाही. उसवलं की गेलं."

मी हसून सोडून दिलं. मला वाटलं हा पँटीविषयीच बोलतोय.

दोन आठवड्यांत मी तीस जण झुळकीवर नेले. कोणाचा पासवर्ड हरवलेला, कोणाचा चष्मा. दादाला, म्हणजे माझ्या मोठ्या भावाला, 'तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा' असं विचारल्याचा इतका राग आला, की त्याने दोन दिवस मोबाइल पालथा घालून ठेवला. तरी तीस चौकोनांत तीस शिक्के पडले. एकतिसावा राहिला होता. पहिल्या आठवड्यात माझी पाठ धरली म्हणून. दुसऱ्या आठवड्यात गाडीला गर्दी असेल म्हणून. तिसऱ्या आठवड्यात नळवाला येणार होता म्हणून, आणि तो आलाच नाही, त्यामुळे चौथ्या आठवड्यात त्याची वाट पाहायची होती. मी दर रविवारी 'आत्या. प्रत्यक्ष भेट' ही ओळ नव्या पानावर सुवाच्य अक्षरात उतरवून काढत असे. टाळाटाळ म्हणजे काम न करणं असं ज्याला वाटतं, त्याने ती कधी मन लावून केलेलीच नाही.

पाचव्या आठवड्याच्या शेवटी झुळूक बंद पडली. कसलाही गाजावाजा नाही. सकाळी उघडायला गेलो तर पांढरा पडदा आणि मधोमध एक वाक्य, 'आम्ही एका नव्या प्रवासाला निघालो आहोत.' मेहुणे दिवसभर तो पडदा बोटाने घासत बसले होते, असं ताई म्हणाली.

त्या दिवशी मला फिरत्या वहीची फार आठवण झाली.

आमच्या घराण्यात असा गट पहिल्यांदा निघाला तो कागदावर. बाबांची पाच भावंडं पाच गावांत. शंभर पानी, खाकी पुठ्ठ्याची एक वही होती. एकाने आपलं पान लिहायचं आणि आठ दिवसांच्या आत पोस्टाने पुढच्याला पाठवायची. थोरले काका, मधले काका, मग बाबा, मग धाकटे काका, मग आत्या, आणि आत्याकडून पुन्हा थोरले काका. वही भरली की नवी. नियम एकच, आठ दिवस. पंधरा वर्षांत दहा वह्या भरल्या आणि अकरावी चालू होती.

वही आल्याचं शाळेतून येताना फाटकातच कळायचं, कारण बाबा त्या दिवशी ऑफिसचे कपडे न बदलताच खुर्चीत बसलेले असायचे. थोरले काका मुद्द्यांना आकडे घालून लिहीत, अगदी तापाच्या बातमीलासुद्धा. मधल्या काकांचं औषधांचं दुकान होतं, त्यामुळे त्यांच्या पानांना सिरपचा वास यायचा. आत्या स्वतःच्या पानापेक्षा दुसऱ्यांच्या समासात जास्त लिहायची, हिरव्या शाईने. 'खोटं!', 'वहिनीला विचारून सांगते', 'इथे मी रडले' असं. आणि धाकट्या काकांच्या पानावर हटकून कपाचा गोल डाग असायचा. एकदा तर त्यांनी त्या डागाभोवती पेनने वर्तुळ काढून लिहिलं होतं, 'हा चहा चांगला झाला होता.' जेवणं झाली की बाबा सगळं मोठ्याने वाचून दाखवत आणि शेवटी आम्हा भावंडांना एकेक ओळ लिहायला देत. त्या एका ओळीसाठी मी आठवडाभर विचार करायचो आणि दर वेळी 'मी मजेत आहे' असं लिहायचो. आता वाटतं, मजेत होतोच की.

अकरावी वही हरवली. बाबा म्हणाले, मी पाठवली. धाकटे काका म्हणाले, मला मिळाली नाही. पोस्टाने पंधरा वर्षांत एकदाही दगा दिला नव्हता. उलट धाकट्या काकांनी आयुष्यात सात छत्र्या, दोन चष्मे आणि एकदा स्टँडवर खुद्द काकूंना विसरण्याचा पराक्रम केलेला. त्यामुळे निकाल लागायला वेळ लागला नाही. नुकतेच घरोघरी फोन आले होते, त्यामुळे बारावी वही कोणी विकत आणलीच नाही. पुढे कुठेही सगळे भेटले, की कोणीतरी विचारायचंच, "काय, सापडली का वही?" आणि काका दर वेळी तितक्याच कळवळ्याने सांगायचे, "अरे, मला मिळालीच नाही रे." मग आम्ही सगळे हसायचो. मीही हसायचो. माझा आवाज पहिल्यापासून मोठा आहे. नऊ वर्षांपूर्वी काका गेले.

तर झुळूक गेल्यावर सर्वानुमते गलबल्यावर जायचं ठरलं. पुतण्याने "मी म्हणालो नव्हतो?" हे वाक्य अकरा जणांना वेगवेगळं पाठवलं. मी पुन्हा डायरी काढली, पुन्हा एकतीस चौकोन.

गलबल्यावर नाव नोंदवताना जन्मतारीख विचारतात. त्या रकान्यात आधीपासूनच एक तारीख भरलेली होती. सरकारी कागदावर आधीपासून छापलेलं असेल ते आपण खोडायचं नसतं, अशी माझी चौतीस वर्षांची सवय. मी 'पुढे' दाबलं. ती त्याच दिवसाची तारीख होती. गलबल्याच्या दृष्टीने मी त्या सकाळी जन्मलो आणि दुपारी खातं उघडायला आलो.

त्यांनी माझं अभिनंदन केलं नाही. 'तुम्ही अजून लहान आहात. कृपया पालकांना बोलवा,' असा निरोप आला. शेजारी माझी मुलगी बसली होती. तिने हसत हसत आपल्या फोनवर काहीतरी केलं आणि मी तिचा पाल्य झालो.

त्यानंतरचे दिवस मला शक्यतो आठवायचे नाहीत. दिवसाला चाळीस मिनिटं. कोणी काही दाखवलं, की त्यावर पांढरं धुकं, 'हे तुमच्या वयाला योग्य नाही.' दादाने स्वतःच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचा फोटो टाकला, तोही माझ्या वयाला योग्य नव्हता. दर सोमवारी मुलीकडे माझा अहवाल जायचा आणि ती तो जेवताना वाचून दाखवायची. "तुमच्या पाल्याने या आठवड्यात 'कंबर का दुखते' हे सात वेळा शोधले. पाल्याशी मोकळेपणाने बोला." बायको इतकी हसली, की तिला पाणी द्यावं लागलं. ज्या माणसाने बाजारपेठेतल्या भल्याभल्यांची खोटी मापं जप्त केली, तो आता मुलीला म्हणत होता, "दहा मिनिटं वाढवून दे ना."

"आधी जेवण संपवा, बाबा," ती म्हणाली.

मी गलबल्याकडे तक्रार केली. उत्तर आलं, वय सिद्ध करणारा कागद जोडा. ओळखपत्र जोडलं. 'फोटोतली व्यक्ती आणि पाल्य यांच्या वयात तफावत आढळते,' असं उत्तर आलं. हे मी त्यांना आधीच सांगत होतो. पुन्हा लिहिलं. आता त्यांना जन्मतारखेचा मूळ पुरावा हवा होता. म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला. म्हणजे माळा.

बायकोने स्टूल धरलं आणि मी माळ्यावर चढलो. सगळ्यात मागे माझी जुनी चामडी बॅग होती, नोकरीच्या पहिल्या दोन वर्षांतली. पुढे खात्याने शिक्क्यांची पेटी आणि तिच्याबरोबर नवी बॅग दिली, तेव्हापासून जुनीत फक्त दाखले पडलेले असतात. तीन घरं हिंडली आहे ती माझ्याबरोबर, पण वरचे कागद काढून खाली कधी कोणी पाहिलं नव्हतं. दाखला सापडेना म्हणून मी आतला कप्पा उघडला.

आत खाकी कागदात गुंडाळलेलं, सुतळीने बांधलेलं एक पुडकं होतं. वर धाकट्या काकांचा पत्ता, बाबांच्या अक्षरात. तिकिटं चिकटवलेली. त्यांच्यावर शिक्का नव्हता.

मी माळ्यावरच बसलो. खालून बायको विचारत होती, "सापडला का?" मी सुतळी सोडली. अकरावी वही. शेवटचं लिहिलेलं पान बाबांचं. घराला रंग दिल्याचं होतं, आईच्या डोळ्यांचं होतं, आणि सगळ्यात खाली असं होतं: 'या खेपेला पुडकं पोस्टात टाकायला चिरंजीव घेऊन जातो म्हणत आहेत. नवी नोकरी लागल्यापासून फार जबाबदार झाला आहे. तेव्हा वही वेळेवर मिळेल, काळजी नसावी.'

मला ती सकाळ लख्ख आठवली. पोस्ट ऑफिस माझ्या वाटेवरच होतं. मी म्हणालो होतो, "द्या, मी टाकतो." त्याच दिवशी पहिल्या दौऱ्याचा हुकूम आला, दौऱ्यावरून परतलो तर टेबलावर नवी पेटी आणि नवी बॅग ठेवलेली होती, आणि त्या आनंदात जुनी कोपऱ्यात पडली. सदतीस वर्षं झाली. काका खरं बोलत होते. आणि सगळ्यांत मोठ्याने मी हसत होतो.

स्टुलावरून उतरल्यावर मी बायकोला वही दाखवली. ती एरवी कशालाही उत्तर देणारी बाई, पण तिने फक्त माझ्या शर्टावरची धूळ झटकली.

हे घरात सगळ्यांना सांगायला हवं होतं आणि माझा धीर होत नव्हता. गलबल्यावर सांगावं तर त्या दिवशीची माझी चाळीस मिनिटं संपलेली. आणि खरं सांगायचं तर ते निमित्त मला बरंच वाटलं. मग मी एक पळपुटेपणाचा विचार केला. जुन्या कोपऱ्यावर लिहू. तिथे मी अजून मोठा माणूस होतो आणि वाचायला कोणी नव्हतं. लिहिल्याचं समाधान आणि वाचलं जाण्याची भीती नाही. अडीच महिन्यांहून जास्त दिवसांनी मी कोपरा उघडला. वरच पट्टी होती, 'महिनाअखेरीस कोपरा बंद होत आहे. इतकी वर्षं सोबत केलीत, आभार.' अकरा दिवस उरले होते.

आणि खाली आत्या होती.

रोज सकाळी दोन ओळी. ब्याऐंशी दिवस.

'आज ऊन चांगलं आहे. गॅलरीत कबुतराने घरटं बांधलं. सगळे कसे आहात?' 'दादाच्या गुडघ्याचं काय झालं?' 'पिल्लं दोन झाली.' 'चारपाच दिवसांत कोणी लिहिलं नाही. कामात असाल.' 'आज वाटलं, मशीन बिघडलं असेल. नर्सबाई म्हणतात ठीक आहे.' मग चाळिसाव्या दिवशी, 'माझं काही चुकलं असेल तर स्पष्ट सांगा. मला ऐकू येत नाही, पण वाचता येतं.' आणि मग पुन्हा कबुतरं. त्या दिवशी सकाळी लिहिलेलं होतं, 'पिल्लं उडाली. मी इथेच आहे.'

डायरीतली एकतिसावी ओळ माझ्या डोळ्यांपुढे उभी राहिली. सदतीस वर्षांपूर्वी जो माणूस दुवा तोडून बसला होता, तोच आजही दुवा तोडून बसला होता. आणि आम्ही बापडे कंपन्यांना नावं ठेवत होतो, की ह्या टिकत नाहीत. वजनाचं लोखंडही वापराने झिजतं, म्हणून दर दोन वर्षांनी तपासून त्यावर नवा शिक्का मारावा लागतो. हे मी हजारो दुकानदारांना ठणकावून सांगितलं आणि माझं स्वतःचं माप एकदाही तपासलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातपासून मी फोन करायला बसलो. आत्या आणि आमच्या घरातले तिघं सोडून सत्तावीस फोन. सत्तावीस वेळा पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं, वहीचं आणि आत्याचं. दादा म्हणाला, "काकांना मी एकदा सगळ्यांसमोर विसरभोळा गाढव म्हणालो होतो." ताई रडली. मेहुणे म्हणाले, "मी इतकी वर्षं सांगतोय, ही वही पोस्टात पडलीच नाही..." त्यांनी असं कधीच सांगितलं नव्हतं, पण मी वाद घातला नाही. प्रत्येकाला एकच विनंती केली, कोपऱ्यावर परत या, फक्त उरलेले दहा दिवस.

आणि मी एसटी धरली. पाठ दुखत होती. गाडीला गर्दी होती. नळवालाही नेमका त्याच दिवशी आला, असं नंतर कळलं.

दार नर्सबाईंनी उघडलं. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "रोज मला वर बोलावतात, मशीन बघ म्हणतात. मशीन धडधाकट आहे. माणसं बिघडलीत, असं मी त्यांना कसं सांगू?" मी चपला काढून जागेवर नीट लावल्या, तेवढंच करता येण्यासारखं होतं.

आत्या खिडकीशी बसली होती. खूप लहान झाली होती. मला पाहून उठायला लागली, मी तिला बसवलं आणि पुडकं तिच्या मांडीवर ठेवलं. एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'बाबांनी माझ्याकडे टाकायला दिली होती. मी विसरलो.'

तिने तो कागद वाचला. मग भिंग घेऊन पुडक्यावरचा पत्ता वाचला. मग वही उघडली आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली. मी समोर बसून राहिलो. नर्सबाईंनी चहा आणून ठेवला, तो निवला. मध्येच एका समासात स्वतःचंच हिरवं 'खोटं!' सापडलं तेव्हा ती खुदकन हसली. बाबांच्या पानाशी आल्यावर ती मोठ्याने वाचायला लागली. ऐकू न येणाऱ्या माणसाचं मोठ्याने म्हणजे आख्ख्या जिन्याला ऐकू जाईल असं. 'नवी नोकरी लागल्यापासून फार जबाबदार झाला आहे.' तिने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. समोरच्या बिऱ्हाडाचं दार किलकिलं झालेलं मला दिसलं.

मला वाटलं, आता ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"धाकटा सांगत होता," ती म्हणाली. मग पुडक्यावरच्या त्या पत्त्यावरून बोट फिरवत, "मी त्याला म्हणाले होते, हरवलीस तर हरवलीस, निदान खोटं तरी बोलू नकोस. फार लागलं होतं त्याला ते."

मी तिचा हात धरला. एवढ्यात टेबलावरचा टॅब उजळला. विझला. पुन्हा उजळला. मग थांबेचना. दादाने गुडघ्याचं सविस्तर लिहिलं होतं. ताईने चाळिसाव्या दिवसाखाली लिहिलं होतं, 'तुझं काही चुकलं नाही, आमचं चुकलं.' पुतण्याने कबुतरांच्या प्रत्येक बातमीला वेगळं उत्तर दिलं होतं. मेहुण्यांनी घरट्याच्या जागेबद्दल सल्ला दिला होता, पिल्लं उडून गेलेली असूनही. आत्या भिंग घेऊन वाकली आणि वाचत राहिली. नंतर नर्सबाईंना म्हणाली, "बघ, मी सांगत नव्हते? बिघडलंच होतं. आज सुधारलं."

तिला गलबला दाखवायचं मी मनाशी ठरवून गेलो होतो, पण टॅबवर एक माणूस तोंड हलवत नाचायला लागल्यावर तिने शांतपणे विचारलं, "हा काय म्हणतोय?" आणि माझं मलाच कळलं.

रात्री तिने वही पुन्हा पुढे ओढली. बाबांच्या पानानंतर एक पान कोरं सोडलं. "हे धाकट्याचं," म्हणाली. मग थोडा विचार करून चहाचा कप बशीतून उचलला, त्याच्या ओल्या बुडाने त्या कोऱ्या पानावर नीट मधोमध एक गोल उमटवला, आणि तो वाळेपर्यंत फुंकर घालत बसली. मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. बाहेर पाहण्यासारखं काही नव्हतं.

पुढचं पान तिने स्वतः लिहिलं. हिरवी शाई नव्हती, नर्सबाईंच्या निळ्या पेनने. काय लिहिलं ते मला दाखवलं नाही. "आता पुढे थोरल्याकडे जायला हवी," ती म्हणाली. "तो नाही. मधलाही नाही. तुझ्या बाबांच्या जागी तू."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघायच्या तयारीत होतो. तिने वही खाकी कागदात बांधून त्यावर माझा पत्ता घातला होता. मी कागदावर लिहिलं, 'मी घरीच चाललोय. दे, बॅगेत टाकतो.'

तिने वाचलं आणि कागद मला परत दिला.

"तुझ्या बॅगेत?" ती म्हणाली. "नको."

काठी घेऊन ती स्वतः निघाली. पोस्ट ऑफिस तीन गल्ल्यांवर होतं, तिथे पोचायला आम्हाला अर्धा तास लागला. खिडकीतल्या बाईंनी पुडकं काट्यावर ठेवलं. सवयीने माझी नजर काट्यावरच्या तपासणीच्या शिक्क्यावर गेली. मुदत संपून दोन वर्षं झाली होती. आयुष्यात पहिल्यांदा मी ते पाहिलं आणि गप्प बसलो. मला कोणाचंही माप काढायचा अधिकार उरला नव्हता. पुडक्यावर ठप्पकन शिक्का पडला, तो आत्याने वाकून, भिंग लावून तपासला आणि मगच खिडकी सोडली.

महिनाअखेरीस कोपरा बंद झाला. शेवटच्या दिवशी तिथे आम्ही एकतीसच्या एकतीस जण होतो. गलबला अजून चालू आहे, पण मेहुणे म्हणतात आता नवीन काहीतरी येतंय, ते बघायला हवं. माझा दाखला अजून सापडलेला नाही, त्यामुळे तिथे मी लहानच आहे.

वही चौथ्या दिवशी आली होती. तो शिक्का मी बराच वेळ पाहत बसलो, बाहेरचे कपडे न बदलताच. आठव्या दिवशी पान लिहून, सुतळी बांधून, वर दादाचा पत्ता घालून मी दाराशी आलो. बायको आधीच चप्पल घालून उभी होती.

"तू कुठे निघालीस?" मी विचारलं.

"पोस्टात," ती म्हणाली. "तुमच्याबरोबर."